शेळीच्या आडून

मला जनावरांची भीती वाटते. शेतकऱ्याच्या घरात हे बोलून दाखवायची सोय नाही, म्हणून मी ते कधी बोलले नाही. लग्न होऊन या घरात आले तेव्हा दावणीला म्हशी होत्या, गाय होती, बैलजोडी होती. सासूबाईंनी हातात चरवी दिली आणि मला म्हशीखाली बसवलं. म्हशीनं मान वळवून माझ्याकडं पाहिलं, एवढं आठवतं. मग गव्हाणीच्या दगडावर पाठ आपटली, तेही आठवतं. मधलं काही आठवत नाही. लागलं फार नव्हतं. पण तेव्हापासून मोठं जनावर नुसतं फुरफुरलं तरी माझ्या हातापायांतलं बळ जातं. धार काढायला पुन्हा मला कुणी बसवलं नाही. सासूबाई आल्यागेल्याला सांगायच्या, आमच्या धाकटीला म्हस बघितली की ताप येतो. लोक हसायचे. मीही पदराआड हसायचे.

माणसांचीही मला भीती वाटते, पण ती वेगळी. घरात सगळ्यात जास्त भीती थोरल्या दिरांची. ते मला कधी वाकडा शब्द बोलले नाहीत. खरं तर कुठलाच शब्द बोलले नाहीत. आमच्याकडं धाकटी भावजय थोरल्या दिरासमोर येत नसे, बोलत नसे. ते उंबऱ्याशी आले की खाकरायचे, आम्ही पदर कपाळावर ओढून आत सरायचो. फारच काही सांगायचं असलं तर भिंतीला सांगायचं, नाहीतर जवळच्या लेकराला. "आज्जीला सांग रे, मीठ संपलंय," असं लेकराकडं बघून म्हटलं की ज्याला ऐकायचं तो ऐकायचा. आता हे राहिलं नाही. नव्या सुना दिरांच्या मागं मोटारसायकलवर बसून लातूरला लेकरांच्या क्लासची फी भरायला जातात, आणि कुणाला त्यात काही वाटत नाही. मलाही कुणी अडवलं नव्हतं. पण एवढी वर्षं न बोलल्यावर सुरुवात कुठून करायची हे मला समजत नव्हतं. घरातले, गावातले सगळे त्यांना अण्णा म्हणतात. मी काहीच म्हणत नव्हते. हाक मारायची वेळच येत नसे.

शेळ्या माझ्या भावानं आणल्या. तो लॉरीवर असतो, पार बंगालपर्यंत जातो. एकदा परत येताना उदगीरच्या माझ्या माहेरी न थांबता सरळ आमच्या दारात लॉरी उभी केली आणि केबिनमधून तीन काळी पिल्लं खाली उतरवली. दोन माद्या, एक नर. मला वाटलं पिल्लं आहेत, तर तो म्हणाला, एवढीच राहत्यात ही, वाढत न्हाईत. मोठी झाली तरी माझ्या गुडघ्याच्या जरा वर. पाय आखूड, पोट गोल, कान उभे. गल्लीतली माणसं बघायला आली. शेळी हाय का मांजर हाय, एकानं विचारलं. दुसरा म्हणाला, पिशवीत घालून बाजारात न्यायला बरी.

अण्णांना शेळ्या आवडल्या नाहीत. आमच्या घरात गळ्यात लिंग असतं, ताटात अंडंसुद्धा येत नाही. शेळी म्हणजे शेवटी खाटकाचं जनावर, आणि तिनं तोंड लावलेलं झाड परत धड वाढत नाही, हे त्यांनी ओसरीच्या खांबाला सांगितलं. मी आत चुलीपुढं होते. खांबाला सांगितलेलं माझ्यासाठी होतं, हे मला कळलं. त्या दिवशी मी भाकरी करपवल्या. पण भाऊ परत गेला होता आणि शेळ्या परत न्यायला कुणी नव्हतं. त्या राहिल्या.

पुढं त्यांचा आणि गावातल्या शेळ्यांचा मेळ झाला आणि जरा बऱ्या दुधाची, पण अंगानं तशीच ठेंगणी पैदास झाली. त्यातलीच ही काळी. तिला मी नाव ठेवलं नाही, काळीच म्हणते. दुसऱ्या शेळ्यांच्या पायावर पांढरं आहे, हिच्या अंगावर पांढरा केसही नाही. मी तिला अंगणातल्या धुण्याच्या दगडावर उभी करायचे आणि आपण खाली बसून धार काढायचे. दगडावर उभी राहिली तरी तिचं तोंड माझ्या तोंडाएवढ्याच उंचीवर यायचं. ती माझ्या केसांचा वास घ्यायची. दूध ते केवढं, एक तांब्या भरला तर भरला. पण सासूबाईंना म्हशीचं दूध पचेनासं झालं होतं, गाईच्याही दुधानं पोट फुगायचं, आणि काळीचं दूध मात्र त्यांना सोसायचं. वास येतो म्हणून नाक मुरडत प्यायच्या. प्यायच्या मात्र रोज.

जनावराच्या अंगाला हात लावताना माझा हात कापत नाही, हे मला पहिल्यांदा काळीमुळं कळलं. म्हणून त्या दिवशी जे झालं त्याची भीती मला अजून वाटते.

तो येळवशीचा दिवस होता. आमच्या लातूरकडं मार्गशीर्षातल्या अमावस्येला गावंच्या गावं शेतात जातात. शहरात रस्त्यावर माणूस दिसत नाही. ज्यांना शेत नाही ते ओळखीच्यांच्या शेतात जातात. कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी करायची, आत पाच दगडांचे पांडव मांडायचे, पूजा करायची आणि दिवसभर येईल त्याला जेवू घालायचं. सगळ्या शेंगा-भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, ताकातली आंबील. त्या दिवशी कुणाला नको म्हणायचं नाही आणि कुणी नको म्हटलेलं ऐकायचं नाही. माणसांचंच नाही, गुरांचंही. बैलालाही घास जातो, कुत्र्यालाही.

आमच्याकडं त्या वर्षी लातूरहून पाहुणे आले होते, उदगीरहून आले होते. मी आणि माझी थोरली जाऊ, तिला आम्ही अक्का म्हणतो, दोघी सकाळपासून कोपीत वाढत होतो. शेळ्या मी बांधाच्या कडेला बाभळीखाली बांधल्या होत्या, माणसांपासून लांब. पण शहरातली लेकरं तिथंही पोचली. त्यांना बघायला गंमत वाटली, एवढीशी शेळी. कुणी तिला बिस्कीट दिलं, कुणी उंडा दिला. मी कोपीतून बघत होते आणि मनात म्हणत होते, बास आता. मोठ्यानं म्हणणार कसं? पाहुण्यांची लेकरं, सणाचा दिवस.

जेवणं आटपल्यावर अण्णांनी एक काम केलं. उरलेले उंडे आणि खिरीचं पातेलं उचललं आणि बाभळीखाली नेलं. इतक्या वर्षांत ते शेळ्यांजवळ पहिल्यांदाच गेले. पातेलं त्यांनी काळीपुढं ठेवलं आणि पाहुण्यांना म्हणाले, आज मुक्या जनावराचा बी सण हाय. लोकांना बरं वाटलं. मलाही बरं वाटलं, खोटं का सांगू. मला वाटलं, आता तरी शेळ्या या घरच्या झाल्या. मी भांडी गोळा करत होते. नंतर पातेलं आणायला गेले तेव्हा ते चाटून लख्ख झालं होतं. बाकीच्या शेळ्यांचं दावं तिथपर्यंत पोचत नव्हतं. सगळं एकट्या काळीनं खाल्लं होतं.

ऊन कलल्यावर पाहुणे निघाले. माझे मालक सासूबाईंना, अक्काला आणि मोठी भांडी ट्रॅक्टरमध्ये घालून गावात पोचवायला गेले. परत येऊन मला आणि शेळ्यांना न्यायचं ठरलं होतं. मी राहिलेलं आवरायला मागं थांबले. अण्णा थांबले हेंडग्यासाठी. संध्याकाळी कडब्याची पेटती पेंढी शेताभोवती फिरवतात, तिला आमच्याकडं हेंडगा म्हणतात. त्यानं पिकावरची इडापिडा जाते. तो घरच्या मोठ्या माणसानं फिरवायचा असतो. म्हणजे शेतात मी आणि अण्णा दोघंच राहिलो. ते कोपीच्या पुढं, मी कोपीच्या मागं. एवढ्यानंसुद्धा माझा जीव दडपला होता. आता तहान लागली तर ते पाणी कुणाला मागतील, याचाच मी विचार करत होते.

तेवढ्यात काळी दात खाताना ऐकू आली. दात खाणं म्हणजे कसं, खडा चावल्यासारखा आवाज येतो. मी गेले तर ती पाय ताणून उभी होती. बसायची, लगेच उठायची. मान वळवून आपल्याच पोटाकडं बघायची. डावी कूस मी चाचपली आणि हात मागं घेतला. ढोलकीसारखी ताठ झाली होती. रवंथ बंद. तोंडाला फेस.

मी तिथं उभी राहिले. मालकांना फोन करावा तर माझ्याजवळ फोन नव्हता. फोन अण्णांच्या खिशात होता. अण्णा वीस पावलांवरही नसतील. त्यांना हाक मारायची म्हणजे अण्णा म्हणायचं. मी ते तोंडात धरलं आणि गिळलं. मग मला सुचलं ते मी केलं. काळीला म्हटलं, जरा मोठ्यानं, "काय झालं गं बाई तुला? पोट का फुगलंय एवढं?"

कोपीपुढून खाकरल्याचा आवाज आला. मग अण्णा आले. मी पदर ओढून बाजूला सरले. त्यांनी कूस दाबली, बोटानं टिचकी मारून ऐकली, आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांना लगेच कळलं की पातेल्यानं हे केलं. त्यांनी खिशातून फोन काढून शिरूर अनंतपाळच्या जनावराच्या डॉक्टरांना लावला. वाजत राहिला, कुणी उचलला नाही. पुन्हा लावला. येळवशीला कोण घरात असतं? डॉक्टरही कुणाच्या तरी कोपीत जेवत असतील. मालकांनाही लावला, तो लागलाच नाही.

अण्णा आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या गोठ्यावर गेले. तिथं बैलांची औषधं असतात. परत आले ते करडीच्या तेलाची बाटली आणि बांबूचा नळा घेऊन. बैलाच्या घशात औषध ओततात तो नळा, माझ्या मनगटाएवढा जाड. त्यांनी काळीला दोन्ही गुडघ्यांत धरलं, तिचं तोंड आभाळाकडं केलं आणि नळा दातांत घालू लागले. काळी ओरडली नाही, घरघरली.

त्याच्या आदल्या वर्षी असंच एक पिल्लू गेलं होतं. मालकांनी जंताचं औषध पाजताना त्याचं तोंड वर धरलं होतं. पिल्लू खोकलं, आणि सकाळी पाय ताणून पडलेलं दिसलं. औषध फुफ्फुसात गेलं, असं डॉक्टर म्हणाले होते. मी तेव्हा दाराआड उभी राहून ऐकलं होतं. आता ते सगळं माझ्या डोळ्यांपुढं आलं.

मी काळीसमोर बसले. अण्णांकडं बघितलं नाही, काळीच्या डोळ्यांकडं बघितलं.

"बाई, तुझं तोंड लई वर झालंय गं. तेल श्वासात जाईल तुझ्या."

अण्णांचा हात थांबला. मग ते काळीच्या शिंगांकडं बघत म्हणाले, "मग कसं पाजायचं म्हनं?"

"तोंड सरळ ठिवायचं बाई. गालातून थोडं थोडं घ्यायचं. ठसका लागला की थांबायचं."

"धाकटीला म्हनावं, मग तूच पाज. माझा हात बैलाचा हाय."

हे ते काळीला म्हणाले. मी नळा बाजूला ठेवला, तेल एका तळव्यावर घेतलं आणि गालाच्या फटीतून घोटभर घोटभर सोडलं. निम्मं बाहेर आलं, माझ्या लुगड्यावर सांडलं. थोडं आत गेलं असेल. अण्णांनी तिची मान धरली होती. त्यांचा हात आणि माझा हात एकाच मानेवर होता आणि मी तेलाकडंच बघत होते.

तेलानं काही झालं नाही. काळी आता उभीही राहीना. एका अंगावर पडली, डावी कूस वर, पाठीच्या कण्याच्याही वर आलेली. श्वास उथळ. जीभ बाहेर. दिवस मावळायला टेकला होता. शेजारच्या शेतांत हेंडगे पेटले. लांब लांब ज्वाळा पळताना दिसत होत्या, माणसांचा गलका येत होता. पलीकडच्या बांधावरून कुणीतरी विचारलं, अण्णा, तुमचा हेंडगा कुठाय, झोपलात का काय? अण्णा काळीच्या तोंडाचा फेस पुसत राहिले.

ते उठून पुन्हा आखाड्यावर गेले. या वेळी त्यांच्या हातात दाभण होतं.

पोती शिवायचं ते मोठं दाभण. त्याची गोष्ट सगळ्या गावाला माहीत आहे. अण्णा तरुण असताना त्यांचा बैल असाच फुगला होता, सगळ्यांनी आशा सोडली होती, आणि अण्णांनी दाभण कुशीत खुपसलं, वारा फुस्सकन बाहेर आला आणि बैल उठून उभा राहिला. तो बैल पुढं बरीच वर्षं औताला चालला. ही गोष्ट ते दर पोळ्याला सांगतात. खरी आहे, अक्कानं डोळ्यांनी बघितलं होतं. म्हणून मी काय म्हणणार? आणि म्हणून मला जास्त भीती वाटली. त्यांना ठाऊक होतं की हे काम करतं. पण दाभण वीतभर लांब होतं आणि काळीचं अंग ते केवढं. एका कुशीतून शिरून दुसऱ्या कुशीला लागेल, एवढंच माझ्या डोळ्यांपुढं होतं.

अण्णांनी दाभण काडीपेटीच्या ज्वाळेवर धरलं, धोतराला पुसलं, आणि गुडघे टेकले. कुशीवर बोटं फिरवून जागा शोधली. ते त्यांनीच केलेलं सुधारायला निघाले होते, हे मला दिसत होतं, आणि मी त्यांना थांबवलं आणि काळी मेली तर ते सारं माझ्या माथ्यावर येणार होतं. आयुष्यभर ते म्हणाले नसते, पण आयुष्यभर त्यांना वाटलं असतं की धाकटी मधे आली. गप्प बसले असते तर काळी मेली तरी माझ्याकडं कुणी बोट दाखवलं नसतं. तेवढा विचार मी केला. मग तोंड उघडलं.

काळीला सांगावं तर ती ऐकायच्या पलीकडं गेली होती. तिच्याकडं बघून बोलायला काही उरलं नव्हतं.

"अण्णा, नका. सोडा तिला माझ्याकडं."

अण्णांनी वर बघितलं. माझा पदर खांद्यावर आला होता. लग्नानंतर त्यांनी माझा चेहरा असा समोरून बघितला नसेल. दाभण तसंच हातात. मग त्यांनी दाभण मातीत टोचून ठेवलं आणि मागं सरले.

"सांग, काय करू?" ते म्हणाले. हे मला म्हणाले. मला.

माझ्या आईनं माहेरी एकदा फुगलेल्या वासराच्या तोंडात कडुनिंबाची काडी आडवी बांधली होती, ते मला आठवत होतं. तेवढंच आठवत होतं. ते वासरू वाचलं की नाही, ते आठवत नव्हतं. हे मी अण्णांना सांगितलं नाही. काडी तोडून आणा म्हटलं. त्यांनी आणली. ती मी काळीच्या दातांत आडवी घातली आणि दोरीनं शिंगांमागं बांधली, म्हणजे ती चावत राहील आणि वारा तोंडातून निघायला वाट होईल. मग दोघांनी तिला उचललं आणि पुढचे पाय बांधावर, मागचे खाली असं उभं केलं. अण्णांनी पुढून तिला धरलं. मी मागून दोन्ही मुठींनी डावी कूस चोळायला लागले. खालून वर, खालून वर. हात दुखले तरी थांबायची भीती वाटत होती. थांबले आणि मेली तर? जोरात दाबलं आणि आत काही फुटलं तर?

अंधार पडायला लागला. आजूबाजूचे हेंडगे विझत आले. फक्त आमचं शेत तसंच राहिलं होतं. मला वाटलं, यांचा हेंडगा माझ्यामुळं चुकला. आता पिकावर काही आलं तर तेही माझ्याच माथ्यावर. काळीची जीभ काडीवर हलत होती, चावत होती की नुसती लोंबत होती, कळत नव्हतं. अण्णा तिच्या कानात काहीतरी पुटपुटत होते. देवाचं नाव असेल. मला ऐकू आलं नाही.

मग तिनं ढेकर दिली.

इतका घाण आंबूस वास मी पुन्हा घेतला नाही. अण्णांनी तोंड फिरवलं. लगेच दुसरी ढेकर, मग तिसरी, आणि माझ्या मुठींखालची कूस थोडी मऊ लागली. एकदम नाही. पीठ भिजायला लागल्यावर हाताला लागतं तेवढीच. मी चोळतच राहिले. अण्णा म्हणाले, व्हय, निघाय लागलाय वारा, निघाय लागलाय. ते मला म्हणाले की काळीला, हे मला सांगता येणार नाही.

काळी आपल्या पायावर उभी राहिल्यावर अण्णांनी हेंडगा पेटवला. सगळ्या शिवारात तो एकच, उशिराचा. ते एकटेच पेंढी घेऊन बांधाबांधानं पळत गेले. एवढ्या वयाचा माणूस. काळी ज्वाळेला बुजून माझ्या पायांत शिरली आणि मी तिला लुगड्याखाली घेतलं. मला वाटत होतं, आता पुन्हा पडेल. मालकांचा ट्रॅक्टर येईपर्यंत मी तिच्या कुशीवरचा हात काढला नाही. मालकांनी विचारलं, काय झालं, तर अण्णा म्हणाले, जास्त खाल्लं शेळीनं. कुणी घातलं ते त्यांनी स्वतःच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले. तिला तपासलं, इंजेक्शन दिलं, आता वाचंल म्हणाले. अण्णांनी त्यांना दाभणाचं विचारलं. मी दाराआड होते. दाभणानं वाचली असती का? डॉक्टर म्हणाले, कधी कधी वाचतं, कधी कधी पोटातली घाण आत पसरून मरतं, आता सांगता येत न्हाई. म्हणजे मी बरोबर होते की नाही, ते मला अजून ठाऊक नाही. काडीनं वाचली, चोळल्यानं वाचली की आपसूकच वाचली, तेही नाही.

काळीचं दूध मात्र आटलं, ते पुढच्या वेतापर्यंत आलं नाही. सासूबाईंनी तेवढे दिवस आंबिलीवर काढले आणि दुधाच्या वासाची आठवण काढून कुरकुर केली.

मला वेगळीच काळजी लागली होती. अण्णांना नावानं हाक मारली, नका म्हटलं, डोक्यावर पदर नव्हता, हे सगळं घरात कळणार. मी रोज वाट बघायचे की आज अक्का काढेल विषय. तिनं काढला, पण भाकरी थापता थापता, माझ्याकडं न बघता. "अण्णा म्हनत व्हते, धाकटीची शेळी लई शानी हाय. तिला काय बी सांगा, ऐकती." मी चुलीत फुंकत राहिले. अक्का हसली. एवढंच.

अण्णा पुन्हा उंबऱ्याशी खाकरायला लागले, मी पुन्हा पदर ओढायला लागले. दोघांनाही त्यात सुटका वाटली असेल. फक्त एक बदललं. ते कधी अंगणात आले की काळीजवळ थांबतात आणि तिला विचारतात, "काय म्हनती मालकीन? हिरवं कडवळ आणू का आज?" आणि मी काळीला सांगते, आण म्हनावं, नाहीतर नको म्हनावं.

पुढच्या येळवशीला मी शेळ्या घरीच ठेवायचं ठरवलं होतं. कुणाला सांगितलं नव्हतं, नुसत्या बांधून ठेवल्या होत्या. सकाळी अण्णा अंगणात आले, खाकरले आणि त्यांनी स्वतःच दावी सोडली. सण हाय, ह्यांना कशाला बांधून घालायचं, असं दगडाला म्हणाले. शेतात दिवसभर माझं लक्ष वाढण्यात नव्हतं. कोपीच्या फटीतून मी बाभळीकडं बघत होते आणि हातातली भज्जी कुणाच्या ताटात जातेय याचं भान नव्हतं.

दुपारी उदगीरचे पाहुणे उठले. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्यानं हातात दोन उंडे घेतले आणि बाभळीकडं निघाला. अण्णा तिथं काठी टेकून बसले होते, सकाळपासून बसले होते हे मला तेव्हा कळलं. ते उठले नाहीत. म्हाताऱ्याला म्हणाले, "पाव्हणं, तिला द्यायचं तर आदी तिच्या मालकिणीला इचारा."

म्हाताऱ्यानं वळून विचारलं, कुठाय मालकीण? अण्णांनी काठीनं कोपीकडं दाखवलं. जेवायला बसलेली सगळी माणसं माझ्याकडं बघायला लागली. पाहुणे, मालक, सासूबाई, शेजारच्या शेतातले. माझ्या हातात पळी होती, ती ताटाला लागून वाजायला लागली. म्हशीनं पुन्हा उडवलं असं वाटलं. अक्का माझ्या पाठीशी उभी होती, तिनं माझ्या हातातली पळी काढून घेतली.

"नको," मी म्हणाले.

कुणाला ऐकू गेलं नाही. म्हाताऱ्यानं कानाला हात लावला.

"नको म्हनलं. तिला सोसत न्हाई," मी पुन्हा म्हणाले.

म्हातारा हसला आणि एक उंडा त्यानं स्वतःच खाल्ला. लोक पुन्हा जेवायला लागले. बाभळीखाली काळी कडवळ चावत होती आणि अण्णा तिच्याकडं बघत होते, माझ्याकडं नाही. अक्कानं पळी परत माझ्या हातात दिली आणि म्हणाली, चल, वाढ, लोक थांबलेत.